विचारा ना! मुलांचं बाहेरचं जुनं फर्निचर आणि रंगाचा डबा

मुलांसाठी बाहेर ठेवलेलं टेबल, बाक, प्लास्टिकचं घर, झोपाळा, घसरगुंडी, हे सगळं थोडी वर्षं ऊनपाऊस खाल्लं की असं दिसायला लागतं की टाकवतही नाही आणि बघवतही नाही. त्याबद्दलची पत्रं या वेळी एवढी आली की सगळं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. प्रश्न थोडे कापलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. बहुतेकांनी 'कुठला रंग घेऊ' असंच विचारलंय, पण खरं काम रंगाच्या आधीचं असतं आणि खरी मजा रंग वाळल्यावरची, त्यामुळे डब्याबद्दल कमी आणि त्या दोन गोष्टींबद्दल जास्त बोलणार आहे.

प्रश्न: ताई, आमच्याकडे मुलांचं बुटकं लाकडी टेबल आहे, त्यालाच दोन बाक जोडलेले आहेत. नातेवाइकांकडून आलंय त्यामुळे नक्की किती जुनं ते माहीत नाही. पिवळा आणि लाल रंग होता, आता पोपडे निघतायत. त्याच्यावरच नवीन रंगाचे दोन हात मारले तर चालतील का, की सगळं घासून काढावं लागेल? मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची.

उत्तर: थांबा, पॉलिश पेपर अजून हातात घेऊ नका. किती जुनं ते माहीत नाही आणि रंग पिवळा-लाल, हे दोन्ही एकत्र वाचलं की मला पहिली शंका शिशाचीच येते. जुन्या ऑइल पेंटमध्ये पिवळा, केशरी, लाल, हिरवा असे भडक रंग यावेत म्हणून लेड क्रोमेट सर्रास घालायचे, शिवाय रंग लवकर वाळावा म्हणून शिशाची दुसरी संयुगं असायची ती वेगळीच. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, बऱ्याच देशांत त्यानंतर खूप वर्षांनी, आणि आज जिथे कडक नियम आहेत तिथे मर्यादा साधारण ९० पीपीएम धरतात, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. जुन्या डब्यांतलं प्रमाण याच्या कैक पट असायचं.

आता यात गोची अशी की रंग घट्ट बसलेला असतो तोवर त्रास कमी असतो, खरा धोका त्याची धूळ झाली की सुरू होतो. कोरडं घासलं की ती धूळ जमिनीवर, कपड्यांवर, तिथून हातावर, आणि दीड वर्षाच्या मुलीचा हात दिवसभर कुठे असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं आणि मुलांच्या रक्तात अमुक इतकं शिसं असलं तरी चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी सापडलेली नाही.

म्हणून आधी तपासून घ्या. बोळ्याने पुसून रंग बदलतो का बघायचे किट मिळतात, त्यातून अंदाज येतो, पण खात्री हवी असेल तर पोपड्याचा तुकडा प्रयोगशाळेत द्यायचा. तपासणं शक्यच नसेल तर शिसं आहे असंच समजून चाला. आणि शिसं निघालंच तर माझं स्पष्ट मत, टेबल टाका. कपाटाचा मागचा भाग असता तर वरून रंग देऊन झाकू म्हटलं असतं, पण मुलं ज्याच्या कडेला दात लावतात त्या वस्तूचं झाकलेलं कधी ना कधी उघडं पडतंच. ते जाळायचंही नाही, आणि हीट गनने किंवा ज्योतीने रंग सोडवायला तर मुळीच जायचं नाही, कारण मग शिसं थेट श्वासातून जातं.

शिसं नाही निघालं तर मात्र सुटलात, आणि सगळं घासून काढायचीही गरज नाही. जेवढं सुटतंय तेवढंच पत्रीने (रंग खरवडायच्या चपट्या पात्याने) काढा, जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे राहू दे, फक्त त्या दोघांच्या मधली जी पायरी तयार होते ती आधी ८० नंबरच्या आणि मग १२० च्या पॉलिश पेपरने मारून सपाट करा, नाहीतर नवीन रंग पहिल्यांदा तिथूनच उचलला जातो. पायांच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर लाकूड कुजलंय, त्याच्यावर रंग म्हणजे फक्त कुजणं दिसू न देणं. चुका, म्हणजे बारीक खिळे, वर आल्या असतील तर काढून स्क्रू मारा. भेगांना लांबी (भेगा बुजवायचा मसाला) भरायची ती बाहेर चालणारी, भिंतीची पुट्टी नको, पहिल्याच पावसात फुगते.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं हे सगळ्यांना माहीत असतं पण थांबत कोणी नाही! पाऊस पडून गेल्यावर वरून कोरडं दिसणारं लाकूड आतून ओलंच असतं, नंतर ऊन लागलं की ते पाणी वाफ होऊन रंगाला आतून ढकलतं आणि फोड येतात. निदान काही दिवस सलग कोरडी हवा बघा. मग प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात, त्यावर बाहेरच्या वापरासाठीचा वॉटर बेस्ड अ‍ॅक्रिलिक रंग, दोन पातळ हात. एक जाड हात म्हणजे दोन पातळ हात नव्हेत, जाड रंग वरून वाळतो आणि आत मऊ राहतो. फळीची जी कापलेली टोकं असतात तिथून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, तर त्या टोकांना आणि पायांच्या बुडाला प्रायमर दोनदा-तीनदा पाजा. आणि टेबल उलटं करून खालची बाजूही रंगवा, कोणाला दिसत नाही हे खरं पण वरून बंद आणि खालून उघडी अशी फळी एका बाजूने ओल घेते आणि वाकडी होते.

प्रश्न: प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक खेळायचं घर आहे, ऊन लागून फिकट पडलंय. खुर्च्यांना स्प्रे मारला होता तो नखाने अख्खा सोलून निघाला. प्लास्टिक रंगवताच येत नाही का?

उत्तर: येतं पण सगळं नाही. खुर्ची उलटी करा, खाली बाणांचा एक त्रिकोण असतो आणि आत आकडा. बाहेरच्या खुर्च्यांवर बहुतेक वेळा ५ असतो, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, आणि मोठ्या पोकळ घरांवर बऱ्याचदा २, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिलीन. या दोन्ही जाती अशा आहेत की त्यांच्यावर पाणी टाकलं तरी पसरत नाही, थेंब होऊन बसतं, मग रंग तरी कसा धरणार? कारखान्यात असल्या प्लास्टिकवर छापायच्या आधी त्याच्यावरून ज्योत किंवा विजेची प्रक्रिया फिरवतात तेव्हा कुठे शाई बसते. घरी त्याऐवजी अ‍ॅधेशन प्रमोटर नावाचा पारदर्शक स्प्रे वापरायचा, किंवा ज्या स्प्रेवर पॉलीप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनला चालतो असं खरोखर लिहिलंय तोच घ्यायचा. नुसतं 'प्लास्टिकसाठी' एवढंच लिहिलेलं असेल तर मी घेणार नाही.

आधी साबणाच्या पाण्याने धुवा, घासणीने चकाकी मारून टाका, वाळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोटं लावू नका, बोटाचं तेलही पुरतं. मग प्रमोटर, मग रंगाचे अगदी धुक्यासारखे पातळ हात, डब्यावर सांगितलेल्या अंतराने. मोकळ्या हवेत, मास्क लावून, आणि मुलं तिथे अजिबात नकोत.

हे सगळं केलं तरी बसायची जागा, हात टेकायची कड, दाराची बिजागरी, जिथे प्लास्टिक वाकतं किंवा घासतं तिथे रंग जाणारच. म्हणून खुर्च्यांच्या बैठकी सोडून द्या, घराचं छप्पर, भिंती, खिडकीच्या चौकटी एवढंच रंगवा. आणि त्याआधी एक बघा, भिंतीवरून तळवा फिरवला तर पांढरी पूड येते का? येत असेल तर उन्हाने वरचा थर खाल्लाय, तो घासून काढला तर रंग बसेल. पण प्लास्टिक दाबल्यावर कटकट वाजत असेल, बारीक चिरा पडल्या असतील तर ते ठिसूळ झालंय, मूल टेकलं की तुटणार आणि तुटलेली धार सुरीसारखी असते. तिथे रंगाचा काही उपयोग नाही.

प्रश्न: ताई, कसं रंगवायचं ते मिळतं सगळीकडे, पण रंगवू काय ते कोणी सांगत नाही. मुलगी चार वर्षांची, मुलगा सात. एक टेबल, एक लांब बाक आणि एक जुनं उभं लाकडी शेल्फ आहे. मला चित्रं येत नाहीत. घरचे म्हणतात पेंटरला बोलावून कार्टूनची चित्रं काढून घेऊ, मुलं खूश होतील.

उत्तर: खूश होतील, अगदी उड्या मारतील, आणि थोड्या दिवसांनी तिकडे बघणारही नाहीत. कार्टूनचं चित्र काढलेल्या टेबलावर एकच गोष्ट घडू शकते आणि ती गोष्ट दुसऱ्या कोणीतरी आधीच सांगून टाकलेली असते. शिवाय सात वर्षांच्या मुलाला अजून दीड-दोन वर्षांनी तेच चित्र 'बाळांचं' वाटणार.

तुम्हाला चित्रं येत नाहीत हे माझ्या मते फार बरं झालं.

डच वास्तुविशारद आल्दो वान आयक यांनी १९४७ पासून पुढची तीस-एक वर्षं अ‍ॅमस्टरडॅम शहरात ७०० च्या वर खेळायच्या जागा केल्या, पडक्या, रिकाम्या कोपऱ्यांत. त्यात हत्ती नाही, मोटार नाही, किल्ला नाही. वाळूचा हौद, सिमेंटचे गोल ठोकळे, लोखंडी नळ्यांच्या कमानी, बस्स. मुलांनी त्या कमानीचं घरही केलं, डोंगरही केला आणि उलटं लटकायची जागा तर केलीच. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलाकाराने 'सुट्या वस्तूं'ची कल्पना मांडली, की एखाद्या जागेत मुलाला हलवता-बदलता येतील अशा गोष्टी जितक्या जास्त तितकी त्याची कल्पकता आणि नवीन काही सापडायची शक्यता जास्त. हे दोन्ही धरून तुमच्या तीन वस्तूंकडे बघा.

टेबलाचा वरचा भाग मॅट आणि गडद करा, काळसर राखाडी किंवा गडद निळा, पूर्ण एकच रंग. ब्रश आणि नुसतं पाणी द्या. ओलं झालं की गडद दिसतं, चित्र उमटतं, उन्हात वाळून जातं, परत कोरी पाटी. चार वर्षांची मुलगी यात किती वेळ रमेल त्याची कल्पना तुम्हाला येणार नाही, कारण बिघडलं-चुकलं असं काही उरतच नाही, पुसायचं कामही नाही आणि कपडेही खराब होत नाहीत. सात वर्षांच्या पोराला तेच टेबल वेगळं वाटेल, आधी कुठला कोपरा वाळतो, सावलीतला की उन्हातला, लावा पैज. मॅटच हवं बरं का, चकचकीत रंगावर पाण्याचे नुसते थेंब होतात.

बाकाला चित्र नको, पट्टे द्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगवेगळ्या रंगांचे असमान रुंदीचे पट्टे, काही चार बोटं रुंद, काही वीतभर. ते पट्टे कधी बसमधल्या सीटा होतात, कधी दुकानातले खण, कधी पियानोच्या पट्ट्या, कधी 'लाल म्हणजे लाव्हा, पाय लागला तो मेला'. सगळे पट्टे सारखे केले तर मात्र ती नुसती सजावट होते, असमान असले की मुलं विचारतात हा मोठा का आणि मग त्याला काहीतरी करून टाकतात. हवं तर एका पट्ट्यात नुसते गोल ठिपके काढा, बाटलीचं झाकण रंगात बुडवून ठसे उठवले की झालं.

शेल्फाबद्दल मला सगळ्यात जास्त उत्साह आहे. ते आडवं पाडलं तर काउंटर होतं, उभं ठेवलं तर घर. (उभं ठेवाल तेव्हा भिंतीला पट्टीने घट्ट बांधा, मुलं चढतात, हे वाक्य विसरू नका.) आतून एका रंगाचं, बाहेरून दुसऱ्या, आणि प्रत्येक कप्प्याची मागची फळी वेगळ्या छटेची. बाहेरच्या अंगावर मोठे साधे आकार, एक मोठं वर्तुळ, एक कमान, एक जाड वाकडी रेघ. मुलगी कमानीला दार म्हणेल, मुलगा बोगदा म्हणेल, आणि भांडण झालं की समजा जमलं. वर चार-पाच आकडे वगैरे मारून ठेवले तर तेच शेल्फ लिफ्ट होतं किंवा रॉकेटचं पॅनेल, पण एकाच बाजूला, सगळीकडे नको. कप्प्यांत सुट्या वस्तू ठेवा, डबे, दोर, कापडं, दगड, लाकडाचे तुकडे, पानं. भातुकलीच्या गॅसच्या शेगड्या काढायचा मोह होईल, काढा हवं तर, पण काळ्या गोलांपुरतंच, त्याला बटणं, ज्वाळा, ओव्हनचं दार असं सगळं काढत बसलात तर ती कायमची शेगडीच राहते, आणि नुसता गोल मात्र उद्या स्टिअरिंग होतो, परवा ढोल होतो.

मुलांना विचारून करायचं का? रंग विचारा, चित्र विचारू नका. 'काय काढू' विचारलं तर टीव्हीवरचंच नाव येणार.

रंग निवडताना अजून एक, उन्हात गुलाबी, जांभळा आणि काही भडक लाल-पिवळे रंग पटकन उडतात कारण त्यातली रंगद्रव्यं सेंद्रिय असतात. गेरूसारखा लाल, मातकट पिवळा, तपकिरी, काळा, पांढरा हे वर्षानुवर्षं तसेच राहतात कारण ते लोहाच्या ऑक्साइडपासून किंवा कार्बन, टायटॅनियमसारख्या न उडणाऱ्या गोष्टींपासून बनतात. म्हणून मोठे भाग या टिकाऊ रंगांत करा आणि भडक रंग छोट्या ठिकाणी, जिथे परत हात मारणं पाच मिनिटांचं काम असेल.

प्रश्न: फळ्याचा काळा रंग बाहेरच्या वस्तूला चालतो का? आणि टाइल्सच्या फटी भरायच्या ग्राउटपासून तो घरी करतात असं ऐकलंय ते खरं का?

उत्तर: डब्यावर बघा, बरेचसे फळ्याचे रंग घराच्या आतल्या वापरासाठीच असतात. पाऊस थेट लागत नाही अशा उभ्या पृष्ठभागावर, म्हणजे छपराखालची भिंत, शेल्फाची बाजू, तिथे टिकतात. आडव्या टेबलावर देऊ नका, पाणी साचतं, शिवाय खडूची पूड बाहीला, कोपराला आणि मग सगळीकडे.

दोन हात द्या आणि मग निदान तीन दिवस काही लिहू नका. त्यानंतर खडू आडवा धरून सगळा पृष्ठभाग पांढरा करा आणि कोरड्या कापडाने पुसून टाका. ही पायरी लोक गाळतात आणि मग पहिलं काढलेलं चित्र कायमचं अंधुक दिसत राहतं. वरून वार्निश किंवा क्लिअर कोट मारायचा नाही, खडू धरायला पृष्ठभाग खरखरीतच लागतो. खडूसारखे दिसणारे मार्कर पेनही यावर नको, शाई आत मुरते.

ग्राउटचं खरं आहे, एक कप अ‍ॅक्रिलिक रंगाला दोन मोठे चमचे बिनवाळूचं ग्राउट, असं साधारण प्रमाण धरतात. पण त्यात सिमेंट असतं, कालवताना पूड उडते ती श्वासात जायला नको आणि ओलं मिश्रण त्वचेला लागू द्यायचं नाही. मोठ्यांनी मास्क-हातमोजे घालून करायचं काम, मुलांबरोबरची गंमत म्हणून नाही. आणि थोडंच करा, डब्यात घट्ट होतं.

प्रश्न: लोखंडी झोपाळा आणि घसरगुंडी गंजलीय, मुलांना आवडेल असं काहीतरी करून द्यायचंय.

उत्तर: आधी ती उभी राहण्यालायक आहे का ते बघा. पाय जिथे जमिनीत जातात तिथली माती बाजूला करून हातोडीने हळू ठोका. नळी पोकळ असते, पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वर थोडासा डाग दिसत असेल तर आत बऱ्याचदा चाळण झालेली असते. तसं असेल तर विषय संपला. ठीक असेल तर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून लोखंड चमकेपर्यंत घासा, खोल खड्ड्यांत राहिलेल्याला रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर करून टाकणारं द्रावण), आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर. उद्यावर टाकलंत तर दमट हवेत उघड्या लोखंडावर सकाळपर्यंत परत केशरी झाक.

नळ्या गॅल्व्हनाइज्ड असतील, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, राखाडी, त्यावर चांदीच्या पापुद्र्यासारखी नक्षी, तर त्यावर नेहमीचा ऑइल पेंट थेट मारू नका. जस्त आणि त्या रंगातलं तेल यांची आपसात प्रक्रिया होऊन मध्ये चक्क साबण तयार होतो आणि रंग पत्र्यासारखा उलगडून येतो. तिथे गॅल्व्हनाइज्डवर चालणारा वॉटर बेस्ड प्रायमर लागतो.

घसरगुंडीचा घसरायचा भाग रंगवू नका. कुठलाही रंग तिथे टिकत नाही आणि निघालेले पापुद्रे मांडीत घुसतात. साखळ्या आणि हुकही नको, रंगाखाली चीर दिसत नाही. बाकी खांब, शिडी, कठडा, तिथे हवं ते करा. शिडीच्या पायऱ्यांच्या कडा वेगळ्या उठून दिसणाऱ्या रंगाच्या करा, आणि पायरीच्या रंगात ओल्यावरच थोडी बारीक वाळू भुरभुरवली की पाय घसरत नाही. गडद रंगाचं लोखंड उन्हात फार तापतं, आणि लहान मुलं चटका बसला तरी पटकन हात किंवा पाय काढून घेत नाहीत, म्हणून हात लागतील तिथे फिकटच रंग. रंगवता रंगवता कठड्याच्या गजांमधलं अंतरही मोजा. साधारण ९ सेंटिमीटर ते २३ सेंटिमीटर यांच्यामधली फट वाईट, मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. तिथे मध्ये गज लावून फट ९ सेंटिमीटरपेक्षा कमी करून घ्या, रंगाच्या आधी.

प्रश्न: लोखंडाची पूड असलेला मॅग्नेटिक रंग बाहेरच्या टेबलाला लावू का? मुलं चुंबकाची अक्षरं चिकटवतील.

उत्तर: नको. पकड मुळातच हलकी, आणि वरच्या रंगाला एक ओरखडा पडला की आतल्या लोखंडाला गंज. त्यापेक्षा कडा वळवलेला पत्रा स्क्रूने बसवा. आणि चुंबक मोठे घ्या, गिळता येतील असे बारीक ताकदवान चुंबक नकोतच, दोन पोटात गेले तर आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना धरून बसतात आणि ऑपरेशनची वेळ येते.

प्रश्न: मुलांना रंगवायच्या कामात घ्यावं का? आणि रंगवल्यावर किती दिवसांनी वापरायला द्यायचं? डब्यावर 'नॉन टॉक्सिक' लिहिलंय.

उत्तर: घ्या की. धुणं, पुसणं, मास्किंग टेप लावणं आणि वॉटर बेस्ड रंगाचा पहिला हात, एवढं त्यांचं. घासणं, प्रायमरचे वास, स्प्रे, थिनर हे तुमचं. रंग छोट्या वाटीत थोडाच द्या, वरचा हात तुम्ही मारणारच आहात त्यामुळे पहिल्यात ओघळ आले तरी चिडू नका. टेप मात्र शेवटचा हात किंचित ओला असतानाच ओढून काढा, पूर्ण वाळल्यावर ओढलात तर रंगाची कडही सोबत येते.

'नॉन टॉक्सिक' हा शब्द कोणीही छापतो. त्यापेक्षा खेळण्यांसाठी ईएन ७१-३ या युरोपीय मानकात बसतो असं लिहिलंय का बघा, त्यात रंग चोखला-चावला तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम अशी घातक मूलद्रव्यं किती बाहेर पडतात त्याची मर्यादा असते. आणि हे सगळं वाळलेल्या रंगाबद्दल असतं, ओल्या नाही.

वाळणं आणि पक्कं होणं वेगळं आहे. तासाभरात हाताला लागत नाही, चारेक तासांत दुसरा हात देता येतो, पण वॉटर बेस्ड रंग पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे जातात. तोवर टेबलावर खेळणी ठेवून दिली तर ती चिकटून बसतात आणि उचलताना रंग घेऊन येतात. बसायला दोन-तीन दिवसांनी द्या, पाणी आणि जड वस्तूंना थोडं थांबा, आणि सगळं चावून बघणारं बाळ असेल तर महिनाभर. हवा फार थंड किंवा दमट असेल तर हे सगळं अजून लांबतं. भर उन्हातही रंगवू नका, ब्रश फिरवेपर्यंतच रंग धरायला लागतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात.

प्रश्न: मातीत खेळायच्या किचनसाठी जुनी लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी) मिळालीत. कुठलीही चालतात का?

उत्तर: नाही, शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. शिक्काच नाही किंवा तेलकट, रसायनाचे डाग आहेत, तेही नको. आणि पॅलेटचं लाकूड खरबरीत असतं, हात लावाल तिथे कुसळ, त्यामुळे इथे रंगापेक्षा घासण्यालाच अख्खा दिवस द्यावा लागेल, आधी तयारी असेल तरच आणा.

प्रश्न: उरलेल्या रंगाचं काय करायचं? प्रत्येक वेळी अर्धा डबा वाळून जातो.

उत्तर: मोठ्या डब्यात खाली थोडा रंग आणि वर सगळी हवा, म्हणून वाळतो. छोट्या काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, झाकणाच्या आट्या पुसून घट्ट लावा, गोठेल इतक्या थंड जागी ठेवू नका. नाली किंवा सिंकमध्ये ओतायचा नाही. आणि कोणी लाकडाला जवसाचं तेल लावलं असेल तर त्याचे बोळे कधीही गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात, मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा आणि मगच टाका. रंगाचं नाव आणि शेड नंबर बरणीवर लिहिलात तर पुसला जातो, तो बाकाच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी एका पट्ट्याला हात मारायचा झाला की तिथेच सापडेल.